शेवटची बदली घरच्या संघाची

माझा काका बर्फाच्या रिंकवर गाडी चालवतो. गाडी म्हणजे एक बोजड यंत्र. खेळाडूंच्या बुटांच्या पात्यांनी बर्फावर चरे पडतात, ते हे यंत्र खरवडून काढतं, मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडतं आणि तो गोठला की मैदान पुन्हा गुळगुळीत. त्याला ही नोकरी लागली तेव्हा आजी म्हणाली होती, "म्हणजे फरशी पुसायचंच काम की रे." त्यावर काका रुसून जेवला नव्हता. आजही गाडीवरून उतरला की तो कठड्याशी उभा राहतो, सगळ्या मैदानावर एकदा नजर फिरवतो, आणि पहिल्या खेळाडूने त्यावर पहिला चरा पाडला की तोंड कडू करून आत निघून जातो. ज्याला आपलं काम कुणी वापरलेलंसुद्धा सहन होत नाही त्याचं लग्न जमलं नाही यात नवल ते काय, असं माझी आई म्हणते. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात आहे. दुपारी डबा घेऊन मी काकाकडे जाते, कारण आमच्या दुकानात बसून जेवायला जागा नाही आणि मालकीणबाई येता-जाता डब्यात डोकावतात. रिंकच्या मागे गाडी ठेवायची खोली आहे. तिथे एक हीटर, त्यावर वाळत टाकलेले हातमोजे, रबराच्या चटयांचा कुबट वास आणि स्प्रिंग वर आलेला एक सोफा. स्प्रिंगच्या बाजूला काका बसतो, बऱ्या बाजूला मी. काकाला मी अरे-तुरे करते आणि बाबांना अहो-जाहो. दोघं सख्खे भाऊ, पण तोंडात तसंच बसलं. काका धाकटा.

सोमवारी काका मला हमखास बाबांची बातमी द्यायचा. म्हणजे माझ्याच घरातली बातमी, मलाच.

"दादाची पाठ धरलीये का गं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काल बदल्या उशिरा करत होता. पाठ दुखायला लागली की त्याचा हात लवकर हलत नाही."

घरी गेले तर बाबा खरंच गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन बसलेले. एकदा काका म्हणाला, दादा कुणावर तरी जाम चिडलाय, सुरुवातीलाच धक्काबुक्कीवर उतरला. त्या रविवारी बाबांचं शेजाऱ्यांशी गाडी लावण्यावरून वाजलं होतं. मी आधी खूप थट्टा करायचे, ज्योतिषाचं दुकान काढ म्हणायचे. पुढे थट्टा करणं सोडून दिलं, कारण त्याचं चुकतच नव्हतं. आणि हे दोघं भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते.

आता, ज्या खेळातून त्याला हे सगळं कळायचं, त्याबद्दल सांगायला हवं. बर्फावरच्या हॉकीचे व्हिडिओ गेम ढीगभर आहेत. त्यातल्या बहुतेकांची काकाला चीड आहे. बटण दाबलं की खेळाडू पळत सुटतो, दमत नाही, पडला तर लगेच उठतो, आणि मिनिटा-मिनिटाला गोल. "ही माणसं आहेत का पंखे? बटण दाबलं की सुरू!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

हे दोघं खेळायचे तो वेगळा. त्यात आपण खेळाडू नसतो, प्रशिक्षक असतो. बर्फावर एका वेळी पाच जण आणि गोलकीपर. त्या वेगात माणूस मिनिटभरात धापा टाकायला लागतो, म्हणून संघाच्या चार फळ्या करायच्या आणि खेळ चालू असतानाच त्या बदलत राहायचं. कुणाला कधी उतरवायचं, कुणासमोर उतरवायचं, समोरच्याच्या हद्दीत किती जणांनी घुसायचं आणि किती जणांनी मागे दबा धरून बसायचं, एका गोलने पुढे असलो तर काय, मागे पडलो तर काय, हे सगळं आपण ठरवायचं. कुणा खेळाडूला गेल्या सामन्यात लागलेलं असतं, कुणाचा हुरूप गेलेला असतो. दमलेल्याला ताणलं तर तो चूक करतो आणि शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसतो. काकाला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे यात बर्फसुद्धा खराब होतो. खेळ बराच वेळ चालला की पक, म्हणजे ती रबराची चकती, उड्या मारायला लागते, लांबचे पास वाटेतच रखडतात. "ज्याने हा खेळ बनवला," काका म्हणायचा, "त्याने कधीतरी माझी गाडी चालवलेली असणार."

दोघं तरुणपणी कारखान्याच्या संघातून खरी हॉकी खेळायचे. बाबा गोलकीपर, काका त्यांच्यापुढे बचावाला. पुढे बाबांचे गुडघे गेले, आणि दादा मागे नसेल तर मी कुणासाठी अंगावर पक घेऊ, म्हणून काकानेही बूट टांगून ठेवले. मग हा खेळ आला. सुट्टीच्या दिवशी दोघं आमच्या सोफ्यावर खेटून बसायचे आणि असा काही दंगा घालायचे की आईला स्वयंपाकघरात आपलाच आवाज ऐकू यायचा नाही.

आजी काकाकडे राहायची. एका संध्याकाळी तिला धाप लागली. डॉक्टर येऊन गेले, औषध दिलं, तिला झोप लागली. काकाने विचार केला, दादाला आत्ता कशाला घाबरवायचं, सकाळी कळवू. पहाटे आजी गेली. बाबा आले, दारातच थांबले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझी एकट्याची आई होती का ती?" काका काहीच बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. बाबांनीही त्याला हाक मारली नाही.

काही रविवार असेच गेले. मग एका दुपारी काकाने आपल्या घरी, इंटरनेटवरून, खेळ उघडला, समोर कुणी नसणार हे गृहीत धरून. पडद्यावर दोन संघांची नावं येतात, आणि समोरच्याने बटण दाबलं की त्याच्या नावापुढे 'तयार' असं उमटतं. बाबांच्या नावापुढे 'तयार' उमटलं. काका मला म्हणाला होता, मी उठलो, पाणी प्यायलो, तोंड धुतलं आणि येऊन बघितलं तरी ते तिथेच होतं.

तेव्हापासून दर रविवारी. पडद्याच्या कोपऱ्यात एकमेकांना काही लिहायचं असेल तर एक चौकोन असतो. त्या चौकोनात दोघांपैकी कुणी कधी एक अक्षर लिहिलं नाही.

आमच्या घरी रविवारी जेवणं झाली की बाबा आतल्या खोलीत जायचे आणि दार लागायचं. आई फोनचा आवाज बंद करायची, भांडीसुद्धा हळू घासायची. "भावांचं चाललंय," असं कुजबुजायची, जसं काही आत कुणी आजारी माणूस झोपलाय. मला दोघांचाही सारखाच राग यायचा. एवढे दोन बाप्ये, एकाला दुसऱ्याच्या पाठदुखीपर्यंत सगळं ठाऊक, आणि समोरासमोर तोंड उघडायचं म्हटलं की जिवावर येतं! पण दार मीही कधी वाजवलं नाही.

एकदा मी रविवारी काकाच्या घरी गेले होते. लॉन्ड्रीच्या वर त्याच्या दोन खोल्या आहेत. खालच्या यंत्रांमुळे फरशी कायम कोमट असते आणि भिंतीतून एक घरघर येत राहते. टेबल, एक खुर्ची, कॉम्प्युटर, खिडकीत वाळत घातलेला एकच टॉवेल. काकाने दाढी केलेली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"कुठे निघालायस का?" मी विचारलं.

"नाही. दोन वाजता सामना आहे ना."

त्या खेळात कॅमेरा नसतो. समोरच्याला आपण दिसत नाही. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. सामना सुरू झाला आणि काका पडद्याशी बोलायला लागला. "आलास? ये. अरे, त्याला कशाला दमवतोस... हां, आता कसं." मी तिथे आहे हे तो विसरला होता. इतकं बोलताना त्याला मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी, थंडी सुरू झाली त्या सुमाराला, काका म्हणाला, "दादा निवळलाय."

मी डब्यातून मान वर केली.

"शेवटची बदली सोडून दिली त्याने," तो म्हणाला आणि मग मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. बर्फावरच्या हॉकीत खेळ थांबला की दोन्ही संघांना माणसं बदलता येतात. पण पाहुण्या संघाने आधी बदलायची, घरच्या संघाने नंतर; तीच शेवटची बदली. म्हणजे सामना ज्याच्या मैदानावर, त्याला समोर कोण उतरलंय हे बघून आपली माणसं उतरवता येतात. आजी गेल्यापासून, आपल्या मैदानावर सामना असला की बाबा दर वेळी एकच करायचे. काकाची पहिली फळी उतरली रे उतरली की ते आपले तीन दांडगे खेळाडू तिच्या अंगावर सोडायचे. काकाची चांगली चांगली पोरं कठड्यावर आपटायची, जायबंदी व्हायची. काकाने त्यावर कधी उपाय केला नाही. उपाय होता, त्याला माहीतही होता. "मारू दे," म्हणायचा. "मी केलंच तसं."

आणि आता ते तीन दांडगे यायचे बंद झाले होते. पहिल्या फळीसमोर पहिली फळी येत होती, दुसरीसमोर दुसरी.

"विसरले असतील," मी म्हटलं.

"दादा? शेवटची बदली विसरेल?" काका मला हसला. "अगं, तो जेवायला विसरेल."

पुढच्या आठवड्यात त्याने आणखी एक केलं. चौथी फळी म्हणजे संघातले उरलेसुरले, नवखे आणि म्हातारे. महत्त्वाच्या वेळी त्यांना कुणी उतरवत नाही. काकाने सामना सुरू होताना मुद्दाम तीच उतरवली. तिच्यावर दांडगे सोडले असते तर बाबांना दोन गोल फुकट मिळाले असते. समोरून बाबांची चौथी फळी उतरली. काकाने तिसरी पाठवली, समोरून तिसरी आली.

"कळतंय का तुला?" काका म्हणाला. त्याच्या हातातला घास तसाच होता. "मी बोलतोय आणि तो उत्तर देतोय."

त्याचे डोळे भरले होते. मला लोकांसमोर रडायला आवडत नाही म्हणून मी उगीचच डब्याच्या झाकणाशी झटापट करत बसले.

तो सगळा हिवाळा काका हवेत होता. गाडीवर बसून शीळ घालायचा. खेळाडूंनी बर्फावर चरे पाडले तरी कठड्याशी उभा राहून बघायचा, आत जायचा नाही. दर सोमवारी मला नवीन बातमी असायची: काल दादाने माझा एक जण जखमी झाला तेव्हा रेटा कमी केला, काल दोन गोलने पुढे होता तर उगाच तिसरा करायला धावला नाही, किती शांत झालाय, वयच झालं म्हणायचं आता आमचं. मीसुद्धा घरी बाबांच्या तोंडाकडे निरखून बघायला लागले. शोधायला बसलं की काहीही सापडतं. बाबांनी एकदा जेवताना न ओरडता मीठ मागितलं, तर तेही मी त्यात धरलं.

थंडी सरत आली तेव्हा काका म्हणाला, "मी येतो त्याच्याकडे."

"खरंच?"

"त्याने त्याच्या बाजूने सगळं केलं. आता मी नाही आलो तर माझ्यासारखा मीच. एवढंच बघायचंय, माफ केलं असं तोंडाने म्हणतो का. एकदा म्हणाला की झालं, मला दुसरं काही नको."

मी फक्त आईला सांगितलं. ती आधी थोडी रडली आणि मग तिने घर झाडायला काढलं. काकाने शनिवारची संध्याकाळ निवडली, म्हणजे रविवारचा सामना बुडायला नको.

दार बाबांनीच उघडलं. बाहेर काका उभा, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं म्हणून टोपी दोन्ही हातांत धरलेली.

"अरे, तू?" बाबा म्हणाले. "ये ये. अगं, बघ कोण आलंय. चहा टाक."

एवढंच. मागच्या आठवड्यात येऊन गेलेल्या माणसाला म्हणावं तसं. काका सोफ्याच्या टोकावर बसला. रिंकचं छत गळतंय यावर बोलणं झालं, बाबांच्या गुडघ्यांवर झालं, काकाचे केस विरळ झाले यावरही झालं. चहा आला. काकाने कप उचलला, न पिताच खाली ठेवला.

"दादा, आईच्या वेळी मी फोन करायला हवा होता."

"कुठला फोन?"

"आदल्या संध्याकाळी. तू दारात म्हणालास ना."

"काय म्हणालो?"

काका माझ्या आईकडे बघून मग खाली बघायला लागला. ते वाक्य त्याने अगदी हळू, पण बाबांच्याच सुरात म्हणून दाखवलं. "तुझी एकट्याची आई होती का ती."

"असं म्हणालो मी?" बाबांनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली. "म्हणालो असेन बाबा. तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर होतं? आणि ते तू अजून घेऊन बसलायस? डॉक्टर येऊन गेले होते ना? मग! तू आणखी काय करणार होतास? सोड रे."

काका त्यांच्याकडे बघतच राहिला. ज्याच्यासाठी तो आला होता ते त्याला मिळालं होतं, चहाबरोबर बिस्किट मिळावं तसं. माझ्याच्याने राहवलं नाही.

"मग बाबा, इतकी वर्षं तुम्ही बोलत का नव्हतात?"

"मी?" बाबांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "हाच कधी आला नाही. म्हटलं कामात असेल. मग राहून गेलं."

काकाने घसा खाकरला. त्याला अजून आभार मानायचे होते. तो अंग पुढे करून बसला आणि त्याच्या चेहऱ्यावर ते सोमवारचं हसू आलं. "पण दादा, हिवाळ्यात मी चौथी फळी उतरवली आणि समोरून तुझीही चौथीच आली, तेव्हाच मला कळलं होतं."

"कसली चौथी फळी?"

"रविवारी. खेळात."

"अच्छा, तो खेळ!" बाबा मोकळेपणाने हसले. "अरे, तो मी केव्हाच त्यातल्या असिस्टंटवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, टाकलाय. हल्ली जेवण झालं की डोळे मिटायला लागतात. तयार म्हणून बटण दाबतो, असिस्टंटला म्हणतो सांभाळ आता, आणि आडवा होतो. तो बरोबर करतो. समोरचा जी फळी उतरवेल तीच आपली उतरवायची, कुणाला जास्त दमवायचं नाही. काय बनवलाय पण! अगदी खरा माणूस बसल्यासारखा खेळतो."

आईच्या हातातली बशी वाजली. वर्षानुवर्षं तिने फोनचा आवाज बंद केला होता, हळू भांडी घासली होती, आणि निदान तो सगळा हिवाळा तरी ते एका डुलकीसाठी होतं.

"बंदच करणार होतो," बाबा पुढे सांगत होते. "पण हजर नाही राहिलं की संघ काढून घेतात म्हणे. इतक्या वर्षांचा संघ, वाईट वाटलं. आणि म्हटलं, तूही तेच करत असशील. दोन्हीकडून कॉम्प्युटरच खेळत असणार. या वयात कोण त्या खेळासमोर दुपारभर बसतं?"

काकाने माझ्याकडे बघितलं. त्या कोमट खोलीतला इस्त्रीचा शर्ट फक्त मला माहीत होता.

"हो तर," काका म्हणाला. "मीही केव्हाच सोडलाय."

"मग ते चौथी फळी वगैरे?"

"निकाल येतो ना. त्यात लिहिलेलं असतं. बघतो अधूनमधून." आणि तो हसला. हसणं इतकं चांगलं जमलं होतं की बाबाही हसले आणि म्हणाले, "दोघं सारखेच आळशी."

मी काकाला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. रस्त्यावर दुकानं बंद होत होती. मी संतापले होते आणि नेमकं कुणावर ते मला कळत नव्हतं.

"मी वर जाऊन बाबांना सगळं सांगणार आहे."

"काय सांगशील? झोपू नका म्हणून?"

"काका, तू दाढी करून बसायचास!"

"हळू बोल." तो बस येते त्या दिशेला बघायला लागला. "त्याच्या मनात काही नाही गं. कधीच नव्हतं. हेच ऐकायचं होतं ना मला? ऐकलं." आणि मग बस वळणावर दिसायला लागल्यावर म्हणाला, "तयार म्हणून बटण तरी तोच दाबायचा ना?"

"हो. ते बाबाच दाबायचे."

"हं," काका म्हणाला आणि बसमध्ये चढला.

काका निघताना बाबांनी त्याला सांगितलं होतं, आता दर रविवारी जेवायला येत जा, एकटा काय करतोस घरी. बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी ते मनापासून सांगितलं होतं, आणि काका येतो. बाराच्या सुमाराला येतो, बाबांसाठी काहीतरी खाऊ आणतो, आईच्या हातच्या जेवणाचं कौतुक करतो. जेवताना दोघं जुन्या संघातल्या लोकांच्या गोष्टी काढतात. मी आणि आई हसतो. बाहेरून कुणी बघितलं तर म्हणेल, किती छान.

जेवण झालं की बाबा हात पुसत आत जातात. संघ जायला नको म्हणून बटण दाबतात आणि आडवे होतात. काकाही घरून निघतानाच आपला संघ असिस्टंटच्या हवाली करून येतो. संघ त्यालाही सोडवत नाही. दार हल्ली उघडंच असतं, त्यामुळे आतून खेळातल्या प्रेक्षकांचा आवाज बाहेर येतो, आणि त्यात बाबांचं घोरणं. आई तिच्या खोलीत पडते. काका बाहेर सोफ्यावर पेपर घेऊन बसतो. पेपर तो सकाळीच घरी वाचून आलेला असतो.

परवाच्या रविवारी मी भांडी आवरून बाहेर आले तर तो तसाच बसला होता, पेपरचं पान न उलटता.

"उठवू का बाबांना?"

"नको नको. झोपू दे त्याला."

"तुला कंटाळा येत असेल रे."

"कंटाळा नाही." त्याने पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. आत प्रेक्षकांनी गलका केला, कुणीतरी गोल केला होता. काकाची मान आपोआप त्या दिशेला वळली आणि परत आली. "एकटं वाटतं इथे. गंमत आहे बघ. घरी इतकी वर्षं रविवारी मी एकटाच बसायचो, पण तेव्हा असं कधी वाटलं नव्हतं."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोघं आतला सामना ऐकत राहिलो, जो कुणीच खेळत नव्हतं. तो संपला, प्रेक्षकांचा आवाज बंद झाला, आणि बऱ्याच वेळाने बाबा डोळे चोळत दारात आले.

"अरे," ते म्हणाले, "तू आहेस होय अजून?"

"आहे की," काका म्हणाला, आणि सरकून त्याने त्यांना सोफ्यावर जागा करून दिली.